जुन्या जागेचा पत्ता

१

दुपारचे चार वाजले की बाबा स्वयंपाकघरात जायचे. पातेल्यात पाणी घ्यायचे, गॅस पेटवायचे आणि मागच्या खोलीकडे मान वळवून म्हणायचे, "अगं, चहा टाकतोय. घेणार का?"

मग तीन-चार श्वास थांबायचे आणि फडताळातून दोन कप काढायचे. एक स्वतःचा, एक लेकीचा.

मागच्या खोलीत कोणी नव्हतं. आईला जाऊन अकरा महिने झाले होते. शेवटची दोन वर्षं ती त्या खोलीत अंथरुणाला खिळून होती आणि त्या दोन वर्षांत बाबांनी ही हाक एकदाही चुकवली नव्हती. ती गेली, भाड्याने आणलेला पलंग परत गेला, औषधांचं टेबल गेलं, पडदे उतरले, खोली धुऊन पुसून लख्ख झाली. हाक तेवढी राहिली. लेकीने पहिले काही दिवस डोळे पुसले. मग नळाच्या ठिबकण्याची व्हावी तशी तिला त्या हाकेची सवय झाली.

बाबांचं डोकं मात्र ठणठणीत होतं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. अजूनही सकाळचं वर्तमानपत्र ते लाल पेन्सिल घेऊन वाचायचे, आणि एखादी ऱ्हस्वदीर्घाची चूक हाती लागली की त्यांचा दिवस चांगला जायचा.

लेक पुढच्या खोलीत बसून काम करायची. आईच्या आजारपणात तिने घरून काम करायची परवानगी मिळवली होती, ती पुढे तशीच चालू राहिली. माणसं जो प्रोग्रॅम लिहितात तो यंत्राला समजेल अशा आज्ञांमध्ये उतरवून देणारा आणखी एक प्रोग्रॅम असतो, कंपायलर. तसल्या एका जुन्या, अवाढव्य कंपायलरची देखभाल ती बावीस वर्षं करत होती. लग्न केलं नव्हतं. त्यावरून कोणी टोकलं की बाबाच परस्पर सांगायचे, तिचं त्या कंपायलरशी लागलंय आणि सासर बरं आहे.

त्या मंगळवारी बाबांनी नेहमीसारखी हाक मारली. नेहमीसारखे थांबले. आणि मग म्हणाले, "बरं."

एवढंच. लेकीची बोटं कीबोर्डवर थबकली. अकरा महिन्यांत त्या थांबण्यानंतर बाबा कधी काही बोलले नव्हते. आणि हे 'बरं' स्वतःशी म्हणतात तसं नव्हतं. पलीकडून काही सांगितलं गेल्यावर म्हणतात, तसं होतं.

मग दोन कपांचा आवाज आला, रोजच्यासारखा. तिने मान झटकली आणि पुन्हा कामात डोकं घातलं.

२

त्या दिवशी कामही तसंच डोकं खाणारं होतं. सकाळीच चाळणीने एक तक्रार पाठवली होती. चाळणी म्हणजे तिची सहकारीण. कंपायलर ग्राहकाकडे जाण्याआधी त्याला हजार तऱ्हांनी छळून बघणं हे तिचं काम. बारा वर्षांच्या मैत्रीत दोघी एकमेकींना घरातल्यासारखं बोलायच्या. चाळणीतून तर सगळं निसटतं, माझ्यातून काहीच निसटत नाही, तेव्हा नावच चुकलंय, अशी चाळणीची जुनी तक्रार होती.

दवाखान्यात रुग्णाच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणारे पंप बनवणारी एक कंपनी हा कंपायलर वापरत होती. त्यांनी पंपाचा एकच प्रोग्रॅम, एक अक्षर न बदलता, शंभर वेळा कंपायलरमधून काढला. नव्याण्णव वेळा अगदी तंतोतंत सारखा निघाला. एकदा वेगळा. त्या एका प्रतीत फक्त एक आज्ञा गळली होती. दोन थेंबांच्या मध्ये 'थांब' म्हणणारी.

हे प्रयोगशाळेतल्या टेबलावर सापडलं, कोणाच्या उशाशी नाही, हे नशीब. पण नव्या पंपांचा साठा दहा दिवसांनी निघणार होता. तसलाच एक पंप आईच्या उशाशी दोन वर्षं टिकटिकत होता. लेकीने ती तक्रार दोनदा वाचली आणि पाणी प्यायला उठली.

चहाच्या वेळी बाबांनी विचारलं, एवढी गप्प का. त्यांना चुकांच्या गोष्टी मनापासून आवडायच्या, म्हणून तिने सांगितलं. तिला संशय होता तो लोंबकळत्या रेफरन्सचा.

"समज, एका जागी कोणीतरी राहतंय," ती म्हणाली. "मी त्याचा पत्ता लिहून ठेवला. ते माणूस जागा सोडून गेलं आणि मला कळलंच नाही. मी आपली त्याच पत्त्यावर विचारत राहते."

"मग उत्तर येत नसेल."

"येतं ना, बाबा. तीच तर गोम आहे. जागा सोडली तरी सामान तिथेच पडलेलं असतं. कितीतरी दिवस उत्तर अगदी बरोबर येतं."

"आणि मग?"

"मग त्या जागेत दुसरं कोणीतरी राहायला येतं."

बाबांनी कप खाली ठेवला. थोडा वेळ त्यांनी टेबलावरचा चहाचा ओघळ बोटाने पुसला. मग विचारलं, "आणि उत्तर?"

"तेव्हाही येतं," ती म्हणाली.

३

गुरुवारी बाबांनी तिला एक किल्ली आणून दिली.

माळ्यावरच्या लोखंडी पेटीची किल्ली आई गेल्यापासून सापडत नव्हती. पेटीत घराची कागदपत्रं होती. लेकीने सगळं घर उलथंपालथं केलं होतं, दादाने येऊन पुन्हा केलं होतं. शेवटी कुलूप फोडायचं ठरलं आणि ते राहून गेलं. त्या दुपारी हाक मारून झाल्यावर बाबा बराच वेळ थांबले. "हो का? बरं बरं, बघतो," असं म्हणाले, शिलाई मशीनकडे गेले, खालचा खण ओढला आणि बॉबिनच्या डबीतून, बटणांच्या खालून, किल्ली काढली.

"ती म्हणाली तिथेच होती," ते म्हणाले.

लेकीने किल्ली हातात घेतली. तिचं डोकं लगेच कामाला लागलं. ही डबी बाबांनी कधीतरी पाहिली असणार. आईने किल्ली ठेवताना बाबा तिथेच असणार. आठवण तळाशी गेलेली असते, ती अशी हाकेच्या निमित्ताने वर येते. यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं. तरीही तिने विचारलं, बाबा, आई गेली हे तुला माहीत आहे ना?

बाबांना राग आला नाही. हो, माहीत आहे, ते म्हणाले. मी होतो ना तिथे. पण हाक मारायची सवय आहे, आणि हल्ली हाकेला ओ येते. आली तर नाही कशाला म्हणू?

तिने दादाला फोन केला. दादा पाच तासांवरच्या गावात राहायचा, शाळेत शिकवायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, म्हातारपणी तेवढाच आधार आहे, बोलू दे त्यांना, तू त्यात तुझं यंत्र घालू नकोस. फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं. खरं सांगायचं तर त्याहून थोडं जास्तच वाटलं. मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन ती उभी राहिली. रिकामी खोली. भिंतीला पलंगाचं डोकं घासून पडलेला फिकट पट्टा, मलमाचा पुसट वास. ती तिथे काही बोलली नाही. पण जाताना दार ओढून घेतलं नाही, किलकिलं ठेवलं.

४

चूक शुक्रवारी सापडली.

कंपायलर आपल्याकडच्या कामांची एक यादी ठेवतो. एक काम हातात घेतलं की त्याचा पत्ता धरून ठेवतो आणि काम करता करता यादीत नवी कामं घालत जातो. यादीची जागा भरली की सगळी यादी उचलून दुसऱ्या मोठ्या जागेत नेतो आणि जुनी जागा मोकळी करून टाकतो. हातातला पत्ता मात्र जुन्याच जागेचा राहतो. दोनशे ओळींनंतर कंपायलर त्या पत्त्यावर विचारतो, 'थांब' ही आज्ञा ठेवायची का? जुनं सामान तिथेच पडलेलं असतं, म्हणून नव्याण्णव वेळा उत्तर येतं, ठेव.

तिने प्रोग्रॅम मध्येच अडवून ती मोकळी जागा डिबगरमधून, म्हणजे चालता प्रोग्रॅम आतून दाखवणाऱ्या साधनातून, उघडून पाहिली. दुसरंच काहीतरी तिथे येऊन बसलं होतं. पण ते बसलं होतं अगदी आधीच्याच आकारात. पहिला रकाना जुळत होता. दुसरा जुळत होता. तिसरा जुळत होता. म्हणून तर बावीस वर्षं कोणाला कळलं नव्हतं. नवा माणूस जुन्याचेच कपडे घालून त्याच्याच खुर्चीत बसला होता, आणि कुठेतरी सातव्या प्रश्नाला एक उत्तर किंचित चुकत होतं.

ते आकडे बघत असताना चार वाजले. बाबांची हाक आली. नेहमीचं थांबणं आलं. आणि मग बाबा म्हणाले, "नाही, नाही, तसं नाही. तुम्ही म्हणाल तसं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. बाबा एकटेच होते. त्यांचा फोन शेल्फवर पालथा पडला होता. ती म्हणाली, कोणाशी बोलत होतास? बाबा म्हणाले, आईशी, आणखी कोणाशी.

"तू आईला अहोजाहो कधीपासून करायला लागलास?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. या घरात 'अहो' म्हणायची ती फक्त आई, आणि तेही बाबांना. बाबा आईला पन्नास वर्षं 'अगं' म्हणत आले होते. मुलांनाही बाबांनी 'तू'च म्हणायला लावलं होतं. 'तुम्ही' ऐकलं की मला छापखान्याचा मालक आठवतो, असं ते हसून सांगायचे.

"मी तसं म्हणालो?" त्यांनी विचारलं. छापून, बांधून, दुकानात गेलेल्या पुस्तकात कोणी चूक दाखवावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

५

तिला दुसरं काय सुचणार? तिने चाचणी घ्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती मागच्या खोलीत जाऊन बसली. फरशीवर पलंगाच्या चाकांचे चार डाग होते, त्यांच्या बरोबर मध्ये. दार लोटून घेतलं. बाबांना सांगून ठेवलं होतं की रोजच्यासारखी हाक मार, आणि जे काही येईल ते मला जसंच्या तसं सांग. मनात हिशेब साधा होता. खोलीत कसलाही आवाज झाला, पाइपचा, शेजारच्या दाराचा, तर तो तिला कळेल. काहीच झाला नाही, तर सगळं बाबांच्या मनातलं आहे हे सिद्ध होईल, आणि मनातल्या गोष्टींना डॉक्टर असतात.

हाक आली. आतून ती फार लांबून आल्यासारखी वाटली. दोन खोल्यांपलीकडून नव्हे, दोन घरांपलीकडून. त्यानंतर खोलीत काहीही झालं नाही. पाइप वाजला नाही. पंखा बंद होता. तिच्या कानात तिचंच रक्त वाजत होतं आणि तिला एवढंच जाणवलं की खोलीत जितकी शांतता असायला हवी, त्याहून थोडी जास्त आहे. बोलणाऱ्याला अडथळा नको म्हणून लोक गप्प बसतात, तसली.

मग बाबांचा आवाज आला. "बरं, सांगतो."

ती बाहेर आली. बाबा ओट्याला धरून उभे होते.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, हिला जरा सरकायला सांग."

 लेकीने सवयीने ते वाक्य तपासलं. "सांगा म्हणाली असेल," ती म्हणाली. "आई तुला 'सांगा' म्हणायची."

बाबांनी डोळे मिटले. एखादं अक्षर पुसट उमटलं की ते असंच करायचे. कागदाकडे न बघता ते आधी कानाने वाचायचे. बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली.

"नाही," ते म्हणाले. "सांग म्हणाली."

६

त्या दिवसापासून तिने बाबांची हाक बंद केली. विनवलं, समजावलं, शेवटी हात धरून म्हणाली, बाबा, माझ्यासाठी. बाबांनी वाद घातला नाही. त्यांनाही आता ते 'तुम्ही' ऐकू येत होतं. आपल्याच तोंडून निसटलेला शब्द आपल्याला कळू नये, याची त्यांना फार लाज वाटत होती.

रविवारी चार वाजता ते स्टुलावर हात मांडीवर घेऊन बसून राहिले. चहा झाला नाही. सोमवारीही तसंच. तिने केलेला चहा त्यांनी घेतला, पण त्यांचं लक्ष कपात नव्हतं. आगगाडीची वाट बघणारा माणूस रुळांकडे बघत नाही, तरी सगळा तिकडेच असतो. तसे ते बसले होते. मंगळवारी ती भांडी विसळत असताना ते हळूच म्हणाले, "ओ."

तिने नळ बंद केला. कोणाला ओ दिलीस, असं ती विचारणार तेवढ्यात बाबांनीच सांगितलं.

"मी मारत नाही ना, म्हणून आता तिकडून येते."

"आईची?"

"ती तुझी आई नाही गं," बाबा अगदी शांतपणे म्हणाले. "मला कळतंय. पण हाक मलाच आहे. ओ द्यायची नाही म्हटलं तरी निघते."

तिने मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि दादाला लगेच यायला सांगितलं. कारण म्हणून डॉक्टरचं नाव घेतलं. दादा बुधवारी सकाळी गाडी घेऊन आला. बाबांचा चष्मा, लाल पेन्सिली, गोळ्या, दोन पिशव्या एवढंच सामान होतं. निघताना बाबा मागच्या खोलीच्या बंद दाराशी गेले आणि पाहुण्याने घरधन्याचा निरोप घ्यावा तसे कमरेत किंचित वाकून म्हणाले, "येतो." मग थांबले. दादाने हसून लेकीकडे बघितलं. तिने बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तो उतरताना तिला दिसला. तिकडून काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही.

गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली. "तूही चल," ते म्हणाले. "आत्ताच."

तिने सांगितलं की दोनच दिवस राहिलेत. दुरुस्ती पुरी झाल्याशिवाय तो पंप बाहेर जाता कामा नये, आणि तो कोड दुसऱ्या कोणाला कळणार नाही. शनिवारी सकाळच्या बसने येते. बाबांनी तिचा हात दाबला.

७

दुरुस्ती दोन ओळींची होती. पत्ता धरून ठेवायचाच नाही. यादीतला नुसता क्रमांक ठेवायचा आणि दर वेळी यादीलाच नव्याने विचारायचं, हा आहे का? नसेल तर यादी नाही म्हणेल, आणि 'नाही' हे उत्तर कोणाला मारत नाही. त्या दोन ओळी लिहायला तिला पाच मिनिटं लागली, आणि त्या योग्य असल्याची खात्री करायला दोन दिवस.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला चाळणीचा फोन आला. दहा हजार वेळा चालवलं, दहा हजार वेळा एकच निघालं, एका बिटाचाही फरक नाही. पंपवाल्यांनाही कळवून झालं होतं. मग चाळणीने विचारलं, ती चुकीची ओळ मुळात कोणी लिहिली होती ते बघितलंस का? लेक म्हणाली, बघितलं, मीच लिहिली होती, नोकरीला लागले त्या वर्षी. दोघी हसल्या. चाळणी म्हणाली, आता झोप काढ, बाबांना भेट, आठ दिवस तुझं तोंड दाखवू नकोस.

बॅग भरून दाराशी ठेवली होती. बस सकाळची होती. घर शांत होतं, आणि ती शांतता साधी, रिकाम्या घराची वाटत होती. बरोबर चार वाजता ती स्वयंपाकघरात गेली, पातेल्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला.

इथे तिने चूक केली. पण ती ज्या कामात मुरली होती, त्यात दुरुस्तीनंतर एकदा विचारून बघितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. हाक मारणारा गेला, दाराला कुलूप आहे. आता तिथे विचारलं तर काहीच यायला नको. तेवढंच बघायचं होतं. बाबा जिथे उभे राहायचे तिथे ती उभी राहिली आणि मान वळवून म्हणाली, "आई? चहा घेणार का?"

ती मोजू लागली. दहापर्यंत मोजलं. वीसपर्यंत. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पाण्याला अजून बुडबुडे यायचे होते. मागच्या खोलीतून काही आलं नाही. काहीच नाही. तिचे खांदे सैल पडले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडावंसं वाटलं, नुसत्या आईसाठी, जसं माणसं रडतात तसं.

मग तिला कोणाचा तरी आवाज ऐकू आला. तो तिचाच होता.

"बरं," ती म्हणत होती.

ती जागच्या जागी उभी राहिली. बरं? कशाला बरं? कोणी काय सांगितलं होतं? तिने मागे जाऊन आठवून बघितलं. वीस आकडे, सायकलची घंटी, पाणी. त्यानंतर एकदम हे 'बरं'. मध्ये काही गेलं असेल असं वाटतच नव्हतं. तेवढ्यात जळका वास आला. पातेल्यातलं पाणी आटून गेलं होतं आणि बूड काळं पडलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती.

तिने गॅस बंद केला. कुलूप बघायला ती गेली नाही.

८

बाबांचा आवाज ऐकला की बरं वाटेल, म्हणून तिने दादाला फोन लावला. दादा म्हणाला, बाबा मजेत आहेत, आज माझ्या वर्गाच्या वह्या लाल पेन्सिलीने तपासून दिल्या, हाक नाही, ओ नाही, काही नाही. तुझ्याच फोनची वाट बघत होते. देतो.

फोन हातातून हातात गेल्याची खसखस आली.

"बाबा, मी बोलतेय," ती म्हणाली. "काम झालं माझं. उद्या येते मी. तुम्ही चहा घेतलात का?"

पलीकडे काहीच आवाज नव्हता. फोन तुटला की काय, असं तिला वाटलं.

"बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय," बाबा म्हणाले. फार सावकाश म्हणाले. तिला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी अगदी अदबीने, अनोळखी माणसाशी बोलावं तसं सांगितलं, "तिला जरा फोन द्या."

"अहो बाबा, मीच आहे. असं काय करता?"

पुन्हा खसखस झाली आणि दादा फोनवर आला. त्याचा आवाज गोंधळलेला होता. अगं, तू त्यांना अहोजाहो काय करतेस, त्याने विचारलं. काय चेष्टा आहे ही? ते बघ कसे बसलेत. ती म्हणाली, मी कुठे केलं? मी नेहमीसारखीच बोलले. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. तो रडका नव्हता, घाबरलेलाही नव्हता. शेवटचं मुद्रित वाचून, छापायला सोडायचं नाही असं सांगताना लागायचा, तो आवाज होता.

"येऊ देऊ नकोस तिला."

दादा घाईघाईने म्हणाला की दमलेत ते, मनावर घेऊ नकोस, मी नंतर फोन करतो. उद्या कितीच्या बसने निघतेस, ते मात्र त्याने विचारलं नाही.

फोन ठेवून ती खुर्चीवर बसली. ऊन ओट्यावरून उतरून फरशीवर आलं होतं. ती मोठ्याने म्हणाली, "तू." शब्द नीट आला. पुन्हा म्हणाली, "तू, तू." मग जपून, एकेक अक्षर हाताने धरून ठेवावं तसं, सबंध वाक्य बोलायला घेतलं.

"बाबा, तुम्ही चहा घेतलात का?"

तिने ते किती वेळा म्हणून बघितलं ते सांगता येणार नाही. पुढे पुढे तर नेमकं काय चुकतंय, तेही तिला ऐकू येईनासं झालं.

शनिवारी ती गेली नाही. बॅग दाराशी भरलेली होती, तिकीट काढलेलं होतं, बस वेळेवर सुटली. चाळणीचे दोन फोन येऊन गेले, दादाचा एकही आला नाही. का गेली नाहीस असं कोणी विचारलं असतं, तर तिला धड कारणही देता आलं नसतं. एवढंच वाटत होतं की कोणीतरी तिला जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि ती बरं म्हणाली होती.